तेलातल्या कुंकवाची नोट

३ ऑगस्ट, रविवार

माफी मागून सुरुवात करते. मे महिन्यापासून ही वही उघडली नाही. लिहिले तर ते सगळे पुन्हा घडेल असे वाटत राहिले. आज कपाट आवरताना हाती आली. ते कपाटही नको वाटते हल्ली.

थोडक्यात उरकते. मेमधला रविवार. आदल्या दिवशी कारखान्यात भिशीची चिठ्ठी निघाली होती, नरसम्माक्कांच्या नावाची. टॉवेलच्या शिलाई विभागात त्या सर्वांत जुन्या. आता पाय सुजतात, कारखान्याची पाळी झेपत नाही. घरी बसून काम करता यावे म्हणून जुने ओव्हरलॉक मशीन घ्यायचे ठरवले होते. मशीनवाला सोमवारी येणार होता. "तोवर तुमच्याकडं राहू द्या मॅडम. माझ्या घरात दहा माणसं, दहा गरजा." मी हिशेब विभागात, बी.कॉम., म्हणून चोवीस जणींची भिशी सहा वर्षे माझ्याकडे. बहात्तर हजार रुपये. अक्कांनी नेहमीप्रमाणे वरच्या नोटेला कुंकू लावले. कोऱ्या नोटेवर कोरडे कुंकू धरत नाही, म्हणून त्या आधी बोट शिलाई मशीनच्या तेलात बुडवतात. मग टॉवेलच्या काठाची पट्टी गुंडाळून गाठ. ते गाठोडे माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे.

रविवारी जेवणे झाली आणि पोलीस विनूला घेऊन घरी आले. सात रस्त्याजवळच्या त्याच्या मोबाईलच्या दुकानात क्रिकेटचा सट्टा चालतो म्हणून. माझा धाकटा भाऊ, मान खाली घालून आमच्याच दारात उभा. झडती. गाठोडे निघाले.

"कुणाचे?" "भिशीचे," मी म्हटले.

पंचनामा लिहिणारे मुलाणी हवालदार थांबले. म्हणाले, "बाई, भिशी लिहिलं तर सगळ्या बायकांना ठाण्यात जबाबाला बोलवावं लागंल. कशाला त्यांना फेऱ्या? घरातले पैसे लिहू का?"

मला ते सौजन्य वाटले. शिलाईतल्या बायका ठाण्याच्या बाकावर, हे चित्रच सहन होईना. "लिहा," म्हटले. सही केली.

खाकी पाकीट, लाखेचा वास, दोन पंचांच्या सह्या. गेले.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी. जप्त झालेले पैसे सोडवतो सोडवतो म्हणत विनूने ओवाळणीचे पाचशे दिले.

राहिलेले लिहिते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शिलाईत जाऊन सांगितले. कोणी ओरडले नाही. अक्का डब्याचे झाकण लावत म्हणाल्या, "पोलिसाकडं गेलं म्हणजे गेलं." मग सगळ्या तेच म्हणू लागल्या. कुणाच्या दिराची मोटारसायकल, कुणाच्या भावाचा मोबाईल, कधीच परत न आलेला. मीही म्हटले. "त्या हवालदाराचे तोंडच सांगत होते," असे मी म्हटले. काय सांगत होते त्याचे तोंड? आठवून पाहिले तर काहीच नाही. थकलेला माणूस होता.

माझ्या घरातून गेले, मी भरून देईन, असे सांगितले. तेव्हा बायकांनी आपसात तेलुगूत बोलून ठरवले की प्रत्येकीने आपल्या भिशीतले पाचशे अक्कांसाठी सोडायचे. "तुमी काय चोरलं नाही मॅडम. पोलिसानं खाल्लं, त्याला तुमी काय करणार?" मी नको म्हटले. दोनदा म्हटले. तिसऱ्यांदा म्हटले नाही, हे इथे लिहून ठेवते.

बाकीचे दरमहा पाच हजार अक्कांना देते आहे. मशीन दुसऱ्याने नेले.

विनू दुसऱ्याच दिवशी जामिनावर सुटला. वकिलाने पैसे परत मिळण्यासाठी अर्ज केला आहे म्हणतो. आशा ठेवायला हरकत नाही.

२४ ऑगस्ट, रवि.

आई आज खुशीत. केम गावच्या मावशीला फोनवर अर्धा तास. गणपतीची झाडलोट. मी विचारले, काय विशेष? "काय न्हाय गं. पोरगं जरा मार्गाला लागलंय." विनू खरेच बदललाय. दुकान वेळेवर उघडतो, फोन आला की बाहेर जाऊन बोलत नाही.

गच्चीच्या कोपऱ्यात रंगाच्या बादलीत लावलेला कढीपत्ता वाकला होता, आईने काठीला बांधून सरळ केला.

३० ऑगस्ट, शनि.

अर्ज फेटाळला. विनूने संध्याकाळी चहा पिताना सांगितले. केस संपेपर्यंत पैसे मिळणार नाहीत म्हणे, आणि संपल्यावर सरकारजमा होतील. मी दोन-तीन प्रश्न विचारले, कोणत्या कारणाने, वरच्या कोर्टात जाता येते का. तो चिडला नाही. उलट फार शांत होता. "ताई, आपण गरीब माणसं. कोर्टात नको शिरायला अजून." आई स्वयंपाकघरातून: "जाऊ दे बाई. पोलिसाच्या घरात गेलेला पैसा."

विनूने दोन हजार काढून दिले. "तुझ्या हप्त्याला. जमेल तसे देत जाईन."

डोळे भरून आले. वाटले, चुकला पण पोर आतून चांगले आहे.

१ सप्टेंबर, सोम.

घरी गौरी जेवल्या. आईने मला साडी घेतली, हिरवी, बारीक काठाची. पैसे कुठले? "पेन्शनीतले साठवले व्हते." बाबांच्या पेन्शनीतून साडी निघेल एवढे उरत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण सणाच्या दिवशी आईचा हिशेब काय करायचा. नेसले.

१९ सप्टेंबर, शुक्र.

सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत होते. समोर मुलाणी हवालदार, भाजीची पिशवी घेऊन, साध्या कपड्यांत. ओळखून हसले. "काय बाई, झालं का काम? मिटलं?"

मी मान फिरवली. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते. आमचे पैसे ठेवून घेतले आणि वर विचारतो, मिटले का.

ऑफिसात सांगितले तर सगळे हसले. "हप्ता मागितला नाही, हेच नशीब समजा, शैलाताई."

७ ऑक्टोबर, मंगळ.

अक्कांना पाच हजार दिले. त्या मोजत नाहीत, कपाळाला लावतात आणि ब्लाउजात ठेवतात. आज म्हणाल्या, "मॅडम, तुमी वाळला." मी म्हटले, उन्हाळा. "आता कुठला उन्हाळा?" त्या म्हणाल्या.

पाय फार सुजलेत त्यांचे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

ओवाळले. विनूने तबकात दोन हजार टाकले, पाचशेच्या चार नोटा, घडी करून. आईने कडाकडा बोटे मोडली. सुंदर दिवस.

वरच्या नोटेला कुंकू लागले. तबकातलेच असणार.

२५ ऑक्टोबर, शनि.

तबकातले कुंकू कोरडे होते. मी स्वतः करंड्यातून काढले होते. नोट पाकिटात ठेवायला काढली तर डाग पुसला जाईना. लाल ठिपका आणि भोवती पारदर्शक कडे. उजेडाकडे धरले की कड्यातून पलीकडचे दिसते.

वास घेतला. आमच्या घरात शिवणयंत्र नाही.

मन किती वाईट आहे माझे. दिवाळी नुकतीच झाली, लक्ष्मीपूजनाच्या नोटा बाजारभर फिरतात. कुणी तेलकट हाताने लावले असेल. विनूचे ग्राहक रिक्षावाले, गॅरेजवाले, तेलाला काय तोटा?

विचारले त्याला, सहज विचारल्यासारखे. "ही नोट कुठली रे?"

"गल्ल्यातली. का? चालत नाही का?"

"चालते."

या वहीत ठेवली आहे, भाऊबिजेच्या पानात. खर्च करवत नाही.

१ नोव्हेंबर, शनि.

नवी भिशी निघाली. नाव शिलाईतल्या गोदावरीचे. अक्कांनी तेलात बोट बुडवले, कुंकवात टेकवले, नोटेवर उमटवले. मी डोळे मिटून घेतले असते तरी वासाने कळले असते.

घरी येऊन पान उघडले. तेच.

पण अक्कांनी या सहा वर्षांत कितीतरी नोटांना असे लावले. बाजारात गेल्या. एखादी फिरून आपल्याच घरी येऊ शकते. शकते ना?

१२ नोव्हेंबर, बुधवार

अर्धी रजा काढून पो. ठाण्यात गेले. कुणाला सांगितले नाही.

आवारात जप्त मोटारसायकलींची रांग, काहींच्या चाकांतून गवत उगवलेले. बाकावर दुधनीचे एक आडतदार शेजारी बसले होते. तुरीचे पैसे गाडीत घेऊन येताना नाक्यावर जप्त झाले होते, ते सोडवायला आलेले. मी म्हटले, मिळतात का हो खरेच?

"मिळतंय की बाई. कागद दावायचं, बाँड लिहून द्यायचं, कोर्ट सोडतंय. उशीर होतंय तेवढंच. आमच्या काकाचं हजाराच्या नोटा सुटून आलं, तवर ती नोटच बंद. येन माडोदु? काय करता? फोटोला हार घालतो तसं कपाटात ठेवलंय काकानं."

ते हसले. मीही हसले. मग मुलाणी हवालदारांनी आत बोलावले. मुद्देमालाची खोली त्यांच्याकडेच असते.

"या. तुमी त्या दिवशी वळख न्हाई दिली."

मी खोकले. म्हटले, आमच्या केसचा अर्ज फेटाळला, आता पुढे काय करता येईल ते विचारायला आले.

"कुणाचा अर्ज फेटाळला?"

मी सांगितले. त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुमचे पैसे गेले की कवाच. गणपतीच्या आधी. कोर्टाची ऑर्डर आली, मी नोटांचे फोटो काढले, तुमच्या भावानं सही केली. कोर्ट मागंल तवा एवढी रक्कम हजर करतो, असं लिहून दिलंय त्यानं."

"सगळे?" मी विचारले. हाच प्रश्न का विचारला? अजूनही मला वाटत होते की थोडे तरी यांनी घेतले असतील. तसे असते तर बरे झाले असते.

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "एक नोट कमी न्हाई. मीच मोजून दिले. ध्यानात हाय, कारण वरच्या नोटेचं तेल पाकिटावर उतरलं हुतं, लाख धरंना. दोनदा शील करावं लागलं मला."

मग म्हणाले, "आई होत्या की तुमच्या संगं. पिशवीत त्यांनीच घातले. ती कापडाची पट्टीबी मागून घेतली. चांगली हाय, म्हणाल्या, कामाला येईल."

चहा मागवू का, विचारले. मी नको म्हटले. मला त्यांना काहीतरी सांगायचे होते, की गेले सहा महिने मी तुमच्याबद्दल कारखानाभर काय बोलत आले. सांगितले नाही. नमस्कार करून बाहेर आले. दुधनीचे आडतदार म्हणाले, "झालं काम?" सात रस्त्यावरचे तेच शब्द.

त्याच दिवशी, लिहून झाल्यावर

विनूला फारसे खोटे रचावेसुद्धा लागले नाही. पोलिसाकडे गेले म्हणजे गेले, हे वाक्य आम्ही सगळ्यांनी मेमध्येच तयार करून ठेवले होते. त्याने फक्त त्याच्या मागे उभे राहायचे होते.

१३ नोव्हेंबर, गुरु.

आई शेंगा सोलत होती. मी विचारले, "आई, ती टॉवेलची पट्टी कुठं आहे?"

"कसली पट्टी?" म्हणाली, आणि तिची नजर गच्चीकडे गेली.

कढीपत्ता. काठीला बांधलेला. ऑगस्टपासून मी रोज सकाळी त्याला पाणी घालते आहे.

मग बोलली. आधी रडली, मग रागावली. "त्येच्या मागं लोक लागलीती. सट्ट्यात हरला व्हता, दुकान जाळू म्हनत हुती. काय करू मी? तुला सांगितलं असतं तर दिलं असतंस व्हय? तू लई हिशेबी."

"आई, ते आपले नव्हते."

"तुला काय, तुजी नोकरी हाय. ना लेकरू ना बाळ. त्येचं लगीन व्हायचंय अजून. आन तू फेडतीसच की."

फेडतेसच की. दर महिन्याला मी जेवणाच्या टेबलावर अक्कांचे पाकीट भरते, ती समोर बसलेली असते. एकदा म्हणाली होती, "दमलीस गं माजी बाय," आणि आले घालून चहा केला होता. तो चहा किती दिवस मला आठवत होता.

हिरवी साडी तिच्या पलंगावर ठेवून आले. तिने घडी करून तिच्या कपाटात ठेवली.

१६ नोव्हेंबर, रवि.

विनू. त्याने नाकारले नाही, एवढे खरे.

"देतोयच की ताई थोडंथोडं."

"माझेच?"

"तसं बघितलं तर तुझेही नाहीत."

 

कोर्टात काय लिहून दिलेस, विचारले. दुकानाचा गल्ला, म्हणाला. घरी आणून ठेवला होता, असे. "तूच पंचनाम्यात 'घरातले पैसे' लिहिलंस. वकील म्हणाला, त्यामुळं सोपं गेलं."

बाबा गेले तेव्हा हा आठवीत होता. त्याची फी मी शिकवण्या करून भरली. हे मी त्याला कधी ऐकवले नाही, आजही नाही. पण मनात म्हटले, म्हणजे ऐकवलेच.

२९ नोव्हेंबर, शनि.

शिलाईत गेले होते सांगायला. गोदावरीच्या मुलीचे पेढे होते, पास झाली. मला दोन दिले. परत आले.

६ डिसेंबर, शनि.

पगार. अक्कांना पाच हजार. आजही नाही सांगितले. मी कुणाला वाचवते आहे? विनूला, असे म्हणते. पण बायका माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर जाईल, ही भीती त्याच्याहून मोठी आहे. खोटे मी बोलले नव्हते. तीन आठवड्यांपासून बोलते आहे.

घरात तिघे जण एका भांड्यातले वाढून घेतो आणि टीव्हीकडे बघतो.

२१ डिसेंबर, रविवार

अक्कांच्या घरी गेले, साखर पेठेत. सून विड्या वळत बसली होती, तिला त्यांनी आत पाठवले. मी नोट काढून समोर ठेवली आणि सगळे सांगितले, मुलाणी हवालदारांपासून आईपर्यंत.

अक्कांनी नोट नाकाशी नेली. "आमच्याच मशीनचं," म्हणाल्या.

पाय चोळू लागल्या. मग म्हणाल्या, "अम्मा, इतके महिने त्या पोलिसाच्या सात पिढ्यांना शिव्या घातलो आमी. आता त्या परत कशा घ्यायच्या?" आणि हसल्या. ते हसणे बघवत नव्हते.

मी म्हटले, बायकांचे पाचशे-पाचशे मी परत करते, उरलेले एकदम कर्ज काढून...

"ते करा न करा. पाचशे आमी पोलिसासाठी सोडलो नाही मॅडम. तुमच्याकडं बघून सोडलो."

निघताना नोट माझ्या हातात दिली. ठेवून घ्या म्हटले तर घेईनात. "तुमच्या भावानं तुमाला ओवाळणी घातली ती. माझी कशी?"

बाकीच्यांना कोण सांगणार, विचारले. "तुमी. मी कशाला सांगू?"

५ जानेवारी, सोम.

समन्स आले. विनूच्या केसमध्ये सरकारी साक्षीदार म्हणून मी. घराची झडती माझ्यासमोर झाली म्हणून. १६ तारीख. पैसे कुठून निघाले आणि कुणाचे होते, हे विचारणार.

शिपायाने विचारले, "समजलं ना, बाई?" समजले.

११ जानेवारी, रवि.

विनूने वकिलाकडे नेले. वकील सभ्य आहेत, पाणी दिले, पंखा लावला.

"ताई, तुम्ही भिशी म्हणालात तर दोन गोष्टी होतात. भावाचं प्रतिज्ञापत्र खोटं पडतं. आणि तुम्ही मेमध्ये 'घरातले' म्हणून सही केलीत, ती का केलीत, हे तुम्हाला विचारतात. तुम्ही फक्त 'घरातले' म्हणा. तुमचंच वाक्य आहे. खोटं कुठं आहे त्यात?"

"दुकान घरातलंच की, ताई," विनू.

मी 'घरातले' म्हटले आणि तो सुटला, तर कोर्टाला लिहून दिलेला बाँडही सुटतो. मग ते पैसे कायमचे त्याचे. अक्कांचे मशीन कायद्यानेच विनूच्या देण्यात गेले, असे होईल. मी 'भिशीचे' म्हटले तर माझ्या हाताने भाऊ खोटा ठरेल, आणि सट्ट्याच्या केसवर आणखी एक. आईला हे सांगून मी घरात राहू शकेन का? दुसरे घर नाही मला.

एका शब्दाची सोय बघितली होती मेमध्ये. कुणाला ठाण्यात फेऱ्या नकोत म्हणून.

वकिलांनी विचारले, "काही अडचण?" मी म्हटले, विचार करते. विनूने घरी येईपर्यंत गाडी फार हळू चालवली.

१४ जानेवारी, बुध. संक्रांत.

शिलाईतल्या सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत सांगितले. उभी राहून सांगितले, बसायचे धाडस झाले नाही.  मशिने सुरू झाली, आधी एक, मग सगळी. बाहेर येताना गोदावरीने मागून हाक मारली. वाटले, आता शिव्या. तिने तिळगूळ दिला.  नेहमीचे 'गोड बोला' म्हणाली नाही.

घरी आईने दिला. ती म्हणाली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तिळगूळ घे, गोड बोल. परवा तेवडं गोड बोल, माजे बाई. आयुष्यात काय मागितलं न्हाय तुला."

खरे आहे. मागितले कधीच नाही. घेतले.

१५ जानेवारी, गुरु.

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीमुळे बस वळवल्या आहेत, घरी यायला उशीर.

दुपारी अक्का माझ्या टेबलाशी आल्या. ऑफिसात त्या कधी येत नाहीत. चपला बाहेर काढून आल्या. "कोर्ट किती वाजता?"

"अकरा. तुम्हाला नाही बोलावलं अक्का."

"माहीत आहे. रजा टाकली. मागं बसते. तुमी बोला काय बोलायचं ते. मी तुमच्याकडं बघणार नाही."

एक दिवसाचा रोज बुडवून येणार आहेत, माझ्याकडे न बघायला.

विनू म्हणाला, सकाळी गाडीवर सोडतो, एकत्रच जाऊ. माझ्या पांढऱ्या साडीला इस्त्री करून आणली त्याने. आईने डब्याला काय करू विचारले. गेले दोन महिने विचारले नव्हते.

काय बोलणार आहे मी? इथे तरी लिहावे म्हणून बसले. दोनदा लिहिले, दोन्ही वेळा खोडले. एकदा हे, एकदा ते, आणि दोन्ही वाचताना आवाज माझाच वाटला.

भाऊबिजेच्या पानातले तेल पुढच्या पानांत उतरत आले आहे. इथेही एक डाग आहे, त्यावर पेन उमटत नाही. त्याच्या बाजूने लिहिते.

उद्या : नोट पर्समध्ये ठेवणे.